‘कमिटी हॅज’ की ‘कमिटी हॅव’? इतिवृत्त अडलंय, मदत करा

सचिव_नाइलाजाने

मंडळी, नमस्कार. विषय इंग्रजी व्याकरणाचा आहे, पण आग सोसायटीत लागली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोंबिवली पूर्वेला आमची बेचाळीस फ्लॅटची सोसायटी. मी मानद सचिव. मानद म्हणजे पगार नाही, आणि मान तर त्याहून नाही. दोन वर्षांपूर्वी सभेत ‘सचिव कोण होणार?’ असं विचारल्यावर सगळ्यांनी एकदम मोबाइलमध्ये डोकी घातली. माझ्या मोबाइलची बॅटरी संपली होती. झालो सचिव.

इतिवृत्त इंग्रजीत लिहावं लागतं, कारण बी विंगमध्ये अर्धी घरं तमिळ, मल्याळी आणि गुजराती आहेत. माझं इंग्रजी पाचवीत एबीसीडीपासून सुरू झालेलं. नोकरीत ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ एवढ्यावर तीस वर्षं निभावली. तरी मागच्या सचिवांची जुनी वही समोर ठेवून, त्यातली वाक्यं इकडची तिकडे करून मी रेटत आलोय. आजवर तक्रार नव्हती.

गेल्या महिन्यात कमिटीची मीटिंग झाली. लिफ्ट बदलायची आहे. बावीस वर्षांची लिफ्ट, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबून विचार करते. तीन कोटेशन्स आली होती, चर्चा झाली, एक ठरलं. मी घरी येऊन लिहिलं: ‘द मॅनेजिंग कमिटी हॅज डिसायडेड टू रिप्लेस द लिफ्ट.’ मसुदा सगळ्यांना सह्यांसाठी फिरवला.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडून तो परत आला तेव्हा ‘हॅज’वर पेन्सिलीची काट आणि वर बारीक, सुंदर अक्षरात ‘हॅव’. काका कमिटी मेंबर आहेत. बॅलार्ड पिअरला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात अडतीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार बघायचे. पेन्सिल कायम खिशात, तीही टोक काढलेली. सही मात्र नव्हती.

मी म्हटलं, काका, कमिटी एक आहे ना, मग ‘हॅज’च बरोबर. तर म्हणाले, “तुमच्या शाळेत असेल. साहेबाच्या इंग्रजीत ‘द कमिटी हॅव’. कमिटी म्हणजे काय एकच डोकं आहे का? नऊ डोकी आहेत, नऊ!” (जागा अकरा आहेत, दोन कायम रिकाम्या.) मी ‘हॅव’ टाइप करून बघितलं, तर कॉम्प्युटरनं खाली निळी रेघ मारली. तो फोटो काकांना पाठवला. उत्तर आलं: “कॉम्प्युटर अमेरिकन आहे.”

आता अध्यक्ष म्हणतात, काय ते एक ठरव आणि सह्या घे. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे, त्याआधी हे सगळं वहीत चढवायला हवं. जाणकारांनी सांगा: कमिटी, टीम, फॅमिली, स्टाफ, पोलीस यांना इंग्रजीत एकवचन लावायचं की अनेकवचन? काका बरोबर की कॉम्प्युटर?

---

बोलबच्चन

एकवचन. कमिटी एक, क्रियापद एक. पुढचा धागा.

---

मायमराठी_७६

मुळात महाराष्ट्रात बसून इतिवृत्त इंग्रजीत का? ‘समितीने लिफ्ट बदलण्याचा निर्णय घेतला.’ मिटलं! बी विंगला भाषांतर द्या.

आणि एक गंमत बघा. मराठीत कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद त्याच्याकडे बघतही नाही. ‘समितीने निर्णय घेतला’, ‘समितीने लिफ्ट बदलली’, ‘सदस्यांनी लिफ्ट बदलली’. समिती एक की नऊ, ‘बदलली’ला काही घेणंदेणं नाही, ती लिफ्टशी जुळवून मोकळी. तुमचं हे भांडण मराठीत जन्मालाच येऊ शकत नाही.

---

बोलबच्चन

मायमराठी, आणि ‘समिती ठरवते’ की ‘समिती ठरवतात’? वर्तमानकाळात या की.

---

मायमराठी_७६

‘ठरवते’. ‘ठरवतात’ कोण म्हणतं?

---

लालपेन

सचिवसाहेब, मी पुण्यात इंग्रजी मजकुराची मुद्रितं तपासते. सव्वीस वर्षं झाली. परदेशी नियतकालिकांची कामं येतात, काही लंडनची, काही अमेरिकेची. त्यामुळे हा प्रश्न मी रोज सकाळी चहाबरोबर घेते असं म्हटलं तरी चालेल.

आधी निकाल सांगते. ‘द कमिटी हॅज’ जगात कुठेही बरोबर. ‘द कमिटी हॅव’ ब्रिटिश इंग्रजीत चालतं, अमेरिकन इंग्रजीत खटकतं. म्हणजे काकांचं ‘हॅव’ चूक नाही, पण तुमचं ‘हॅज’ चूक आहे हे त्यांचं म्हणणं चूक आहे. साहेब स्वतः ‘हॅज’ सर्रास लिहितो, आणि सरकारी-कचेरीच्या कागदांत तर जास्तच. कॉम्प्युटरबद्दल मात्र काका बरोबर असू शकतील. त्याची भाषा अमेरिकन इंग्रजीवर ठेवलेली असेल तर तो रेघ मारणार. तो तुमच्या भांडणात पंच नाही, एका बाजूचा वकील आहे.

आता कारण. इंग्रज बोलताना शब्दाचं रूप कमी बघतो, डोळ्यासमोर काय उभं आहे ते जास्त बघतो. कमिटी ही एक संस्था म्हणून दिसत असेल, तिनं अहवाल दिला, तिची मुदत संपली, तिची नेमणूक अमुक सालात झाली, तर एकवचन. कमिटीतली माणसं दिसत असतील, ती आपसात भांडतायत, आपापल्या जागांवर बसतायत, चहा पितायत, तर अनेकवचन. ‘द कमिटी वॉज अपॉइंटेड इन मार्च’ इथे ‘वेअर’ कानाला कसंतरी लागतं, कारण नेमणूक एका मंडळाची झाली. पण ‘द कमिटी वेअर आर्ग्युइंग अमंग देमसेल्व्हज’ इथे ‘वॉज’ लावून बघा. एकटीच बाई आरशासमोर उभी राहून भांडतेय असं वाटतं. अशा जागी अमेरिकन माणूसही ‘वॉज’ लावायला बिचकतो. मग तो ‘मेंबर्स ऑफ द कमिटी वेअर’ असं लिहून सुटका करून घेतो. तुम्हीही अडलात की हेच करा. ‘मेंबर्स’ हा शब्द औषधासारखा आहे, कुठल्याही कमिटीला लागू पडतो.

मला स्वतःला ‘हॅज’ की ‘हॅव’ यापेक्षा राग येतो तो घालमेलीचा. एका वाक्यात ‘द कमिटी हॅज मेट’ आणि पुढच्याच वाक्यात ‘दे हॅव सबमिटेड देअर रिपोर्ट’. बोलताना सगळेच असं करतात, साहेबसुद्धा. पण छापताना एकदा एकवचन धरलं की ‘इट’, ‘इट्स’, ‘व्हिच’ हे सगळं सामान बरोबर आलं पाहिजे. अनेकवचन धरलं तर ‘दे’, ‘देअर’, ‘हू’. ‘द कमिटी, व्हिच हॅज’ किंवा ‘द कमिटी, हू हॅव’. ‘द कमिटी, हू हॅज’ असं आलं की माझं पेन आपोआप उघडतं. तुमचा पूर्ण मसुदा मी पाहिला नाही, पण पैज लावते, खाली कुठेतरी ‘दे’ सापडेल.

यादीतले बाकीचे शब्द.

पोलीस: इथे वादच नाही. ‘द पोलीस आर’, ‘द पोलीस हॅव’. लंडन असो, शिकागो असो, कायम अनेकवचन. आपल्याकडे ‘द पोलीस हॅज अरेस्टेड’ छापून येतं ते मराठी-हिंदीच्या सवयीनं. आपला ‘पोलीस’ एकटाही येतो, ‘एक पोलीस आला, चहा पिऊन गेला’. इंग्रजी ‘पोलीस’ एकटा येत नाही, एकटा असेल तर त्याला ‘पोलीसमन’ किंवा ‘पोलीस ऑफिसर’ व्हावं लागतं. ‘कॅटल’चंही तसंच, गुरं कायम अनेक.

स्टाफ: ब्रिटिश ‘द स्टाफ आर’, अमेरिकन ‘द स्टाफ इज’. पण ‘वन स्टाफ’ आणि ‘टू स्टाफ्स’ म्हणजे एक कर्मचारी, दोन कर्मचारी, हे कुठेही नाही. वॉचमनबद्दल लिहाल तेव्हा लक्षात ठेवा.

फॅमिली: ‘माय फॅमिली आर ऑल वेल’ हे ब्रिटिश पत्रात अगदी घरगुती. ‘द फॅमिली ओन्स टू फ्लॅट्स’ इथे कुटुंब एक घटक, म्हणून एकवचन. 

आणि तुम्हाला इतिवृत्तात रोज लागणारी एक जोडी, जी समूहवाचक नामांच्या शेजारीच राहते. ‘अ नंबर ऑफ मेंबर्स वेअर ॲब्सेंट’, पण ‘द नंबर ऑफ मेंबर्स प्रेझेंट वॉज नाइन’. पहिल्यात ‘बरेच सदस्य’, म्हणून अनेक. दुसऱ्यात ‘सदस्यांची संख्या’, ती एकच. ‘अ’ आणि ‘द’ एवढाच फरक, पण यात भलेभले पडतात.

जाता जाता माझीच एक फजिती. एका अमेरिकन कामात लेखक ब्रिटिश होता, सगळीकडे ‘टीम आर’, ‘स्टाफ आर’. मुदत उद्याची. मी ऑपरेटरला म्हटलं, शोधून सगळे ‘आर’ बदलून ‘इज’ कर, मग मी नजर टाकते. नजर टाकायला सहा तास लागले. ‘द रिझल्ट्स इज’, ‘द चिल्ड्रन इज’, आणि सगळ्यात वर ठळक टायपात ‘द पोलीस इज’. तेव्हापासून मी कुठलीही गोष्ट ‘सगळीकडे बदल’ असं सांगत नाही, घरी पडद्यांबद्दलसुद्धा.

---

सचिव_नाइलाजाने

लालपेनताई, खाली तीन ठिकाणी ‘दे’ सापडले. पैज तुम्ही जिंकलात.

---

गल्लीचा_सलामीवीर

एवढं लिहिण्यापेक्षा क्रिकेट बघायला सांगा ना काकांना. ‘इंडिया हॅज अ लाँग कोस्टलाइन’ हा भूगोल. ‘इंडिया हॅव लॉस्ट थ्री विकेट्स’ हे क्रिकेट. देश एक, खेळणारे अकरा.

२ एप्रिल २०११ ला वानखेडेवर आपण वर्ल्ड कप घेतला तेव्हा ‘इंडिया विन बाय सिक्स विकेट्स’. ‘विन्स’ नाही, ‘विन’. मी शाळेत असल्यापासून या ‘विन’ला छपाईची चूक समजायचो. एकदा मास्तरांना कात्रण नेऊन दाखवलं, तर ते म्हणाले पेपरवाल्यांना घाई असते.

आणि डिसेंबर २०२० चं ॲडलेड. ‘इंडिया वेअर थर्टी सिक्स फॉर नाइन.’ शमी जखमी होऊन परतला आणि डाव तिथेच संपला. त्या दिवशी खरं तर एकवचन लावायला हवं होतं. एकही जण दोन आकड्यांत गेला नाही, अकरा जण मिळून एक माणूसही होत नव्हता. (हलके घ्या.)

---

लीड्सकर

सलामीवीर, +१. इथे इंग्लंडात फुटबॉललाही तेच, ‘लिव्हरपूल आर टॉप ऑफ द लीग’. ‘इज’ म्हटलं तर शहराबद्दल बोलताय असं वाटतं.

मी इकडे अकरा वर्षं आहे. पहिल्या वर्षी मुलीच्या शाळेतून निरोप आला, ‘ईयर फोर आर गोइंग स्विमिंग ऑन ट्यूसडे’. मी बायकोला म्हटलं, बघ, मास्तरणीलाच इंग्रजी येत नाही, आणि फी नाही म्हणून आपण खूश. नंतर ध्यानात आलं की इथं सगळेच असं बोलतात. ईयर फोर म्हणजे तीस पोरं, टॉवेल घेऊन रांगेत उभी. ती कशी ‘इज’ होतील? ऑफिसात ‘द टीम आर वर्किंग ऑन इट’, शेजारीण म्हणते ‘द काउन्सिल आर यूजलेस’, कचऱ्याचा डबा उचलला नाही की.

पण लालपेन म्हणतात ते खरं आहे, लेखी भाषेत चित्र वेगळं. बीबीसीच्या बातम्यांत सरकार, कंपन्या, संस्था यांना एकवचन, खेळाच्या संघांना अनेकवचन, पोलिसांना अनेकवचन. आता यातली मजा अशी की तोच फुटबॉल क्लब धंदा म्हणून बातमीत आला, कर्जात बुडाला वगैरे, की एकवचन होतो. शनिवारी मैदानात ‘आर’, सोमवारी बँकेत ‘इज’.

काकांनी ज्या साहेबाबरोबर पत्रव्यवहार केला तो बहुतेक जुन्या वळणाचा असणार. काकांचा कान तिथे तयार झालाय, त्यांना खोटं पाडू नका.

---

एडिसनचा_बापू

न्यू जर्सीहून. इथे एकवचनच. ‘द टीम इज’, ‘द कमिटी हॅज’, ‘द फॅमिली इज’. विकिपीडियावर बघा, ‘कोल्डप्ले आर अ ब्रिटिश बँड’ पण ‘मेटॅलिका इज ॲन अमेरिकन बँड’. बँड दोन्ही चारचार जणांचे, फरक पासपोर्टचा.

पण अमेरिकेलाही खेळात घाम फुटतो. शहराचं नाव घेतलं तर एकवचन, ‘न्यू यॉर्क इज लीडिंग’. संघाचं नाव घेतलं तर अनेकवचन, ‘द यांकीज आर लीडिंग’. इथवर ठीक, ‘यांकीज’ला शेवटी ‘ज’ आहे. पण ‘मायामी हीट’, ‘ऑर्लँडो मॅजिक’ यांना ‘ज’ नाही, तरी पेपरात ‘द हीट आर’, ‘द मॅजिक आर’. उष्णता आहेत, जादू आहेत! मी आल्या आल्या हसायचो, आता मीच म्हणतो.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण खुद्द देशाचं. आज ‘द युनायटेड स्टेट्स इज’. पण इथल्या राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या वाचा. युनायटेड स्टेट्सविरुद्ध द्रोह म्हणजे ‘देम’विरुद्ध युद्ध पुकारणं, किंवा ‘देअर’ शत्रूंना सामील होणं. ‘इट’ नाही. १८६५ ची गुलामगिरी बंद करणारी तेरावी दुरुस्ती, तिच्यातही ‘देअर ज्युरिसडिक्शन’. संस्थानं एकत्र आलेली, पण अजून आपापली शेंडी राखून. ‘इज’ रुळत गेलं ते पुढे. त्यामुळे नऊ डोक्यांची कमिटी एक की अनेक, यावर काका भांडतायत याचं मला नवल वाटत नाही. इथे त्यावरून यादवी झाली.

---

बोलबच्चन

यादवी ‘इज’-‘आर’वरून नाही झाली हो बापू.

---

एडिसनचा_बापू

नाही. पण संघ एक आहे की राज्यांची मोळी आहे, हा प्रश्न त्यात होताच ना.

---

फणसाची_आठळी

मायमराठी म्हणतात मराठीत हे भांडण जन्मालाच येत नाही. येतं की. सचिवांनी धागा सुरूच ‘मंडळी, नमस्कार’नं केलाय. ‘मंडळी आली’ म्हणतो आपण, आणि लगेच ‘मंडळी जेवायला बसली आहेत’, ‘मंडळींना वाढा’. आली कशी ती एकटी बाई आल्यासारखी वाटते, आणि वाढताना पंगत. ‘जनता म्हणते’ एकवचन, ‘लोक म्हणतात’ अनेकवचन, आणि दोघं म्हणतात तेच. ‘वऱ्हाड आलं’ एकवचन, मग शंभर पानं वाढा.

आणि आमच्या आजोबांच्या तोंडी ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ म्हणजे फक्त आजी. ‘आमचं कुटुंब’ म्हणजेही आजीच. इंग्रज नऊ माणसांची एक कमिटी करतो, आम्ही एका बाईचं अख्खं कुटुंब केलं. आणि एकटे आजोबा आले की ‘आजोबा आले’, अनेकवचन! काका एकटे असले तरी ‘काका म्हणाले’च लिहिलंय ना सचिवांनी. त्यांना ‘हॅव’ची सवय घरातूनच असेल.

---

मायमराठी_७६

ते आदरार्थी बहुवचन आहे, त्याचा इथे संबंध नाही. बाकी मंडळीचा मुद्दा मान्य.

---

काळाकोट

उशिरा आलो. सगळे व्याकरणात रमलेत, पण पहिली पोस्ट परत वाचा. “नऊ डोकी आहेत, नऊ!” आणि सही नाही. अडतीस वर्षं पत्रव्यवहार केलेला माणूस ‘हॅज’ चालतं हे जाणत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. तसं असतं तर पेन्सिलीनं सुधारून सही करून दिली असती. सचिवसाहेब, मीटिंगमध्ये काका लिफ्टच्या कोटेशनबद्दल काय म्हणाले होते? आणि ते तुम्ही लिहिलंत का?

विचारण्याचं कारण. सहकारी संस्थेत समितीच्या सदस्यांची जबाबदारी संयुक्त आणि वैयक्तिक असते. इंग्रजीत ‘जॉइंटली अँड सेव्हरली’. थोडक्यात, उद्या त्या लिफ्टच्या कंत्राटात घोळ निघाला तर कायदा म्हणणार, समिती जबाबदार आणि त्यातला प्रत्येक जणही जबाबदार. लालपेनताईंच्या भाषेत, कायदा ‘हॅज’ही लावतो आणि ‘हॅव’ही, एकाच वाक्यात. यातून सुटायला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्येच वाट ठेवली आहे. ज्याला ठराव पटला नाही त्यानं आपलं विरोधी मत सांगायचं, ते इतिवृत्तात नोंदवायचं. नोंद असेल तर त्या ठरावाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. नोंद नसेल तर तो ‘कमिटी’त गेला.

आणि गंमत म्हणजे काकांनी सुचवलेलं ‘हॅव’ त्यांच्याच विरोधात जातं. ‘हॅज’मध्ये निदान मंडळानं ठरवलं, आतलं कोण काय म्हणालं ते झाकलेलं. ‘हॅव’ म्हटलं की नऊ डोकी समोर आली आणि नऊही डोक्यांनी ठरवलं असा अर्थ निघाला. काकांना हवंय ते वाक्य वेगळंच, आणि ते क्रियापद बदलून येत नाही.

---

लालपेन

काळाकोट, दंडवत. मी सव्वीस वर्षं क्रियापद बघतेय, कर्ता कुणी बघितलाच नाही.

---

सचिव_नाइलाजाने

तीन दिवसांनी लिहितोय, क्षमस्व. टँकर, मग गणपतीची वर्गणी.

काळाकोटसाहेबांचं वाचलं आणि पोटात गोळा आला. मीटिंगची कच्ची वही काढली. त्यात माझ्या अक्षरात: ‘काका – तिसऱ्या पार्टीची देखभालीची रक्कम आधी लेखी घ्या, मग –’ आणि पुढे काहीच नाही. आठवलं. तेवढ्यात वॉचमन पाण्याचा टँकर आल्याचं सांगायला वर आला होता, मी गच्चीची किल्ली द्यायला उठलो. परत आलो तोवर ठराव झाला होता. अध्यक्ष म्हणाले, “झालं, लिहा.” मी लिहिलं.

परवा संध्याकाळी काकांकडे गेलो. लिफ्ट बंद होती, जिन्यानं गेलो. काकूंनी पोहे दिले. मी सरळ विचारलं, काका, तुम्ही विरोध केला होता का? काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “मी दोनदा म्हणालो होतो. तुम्ही किल्लीला गेलात. बाकीचे म्हणाले, काका, सगळ्यांचं ठरलंय.” मग थोड्या वेळानं, “सगळ्यांचं म्हणजे कुणाचं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.”

मी म्हटलं, मग मसुद्यावर तसं लिहायचं ना. तर म्हणाले, “आपल्याच कमिटीविरुद्ध आपण लेखी कसं द्यायचं? बरं दिसत नाही. व्याकरणाबद्दल बोललं तर कुणाला राग येत नाही.”

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांशी बोललो. मसुदाच आहे, पुढच्या मीटिंगमध्ये कायम व्हायचाय, दुरुस्त करायला हरकत नाही म्हणाले. जरा तोंड वाकडं केलं, पण म्हणाले. आणखी कुणी विरोधात होतं का, हेही मी एकेकाला फोन करून विचारलं. सात बाजूने, काका विरोधात, बी विंगच्या कुट्टी मॅडम म्हणाल्या त्या कोणत्याच बाजूला नव्हत्या, त्यांना फक्त लिफ्ट चालू हवी होती. तटस्थ लिहिलं.

देखभालीची रक्कमही कंपनीकडून लेखी मागवली आहे. अजून आली नाही.

नवा मसुदा असा केला. ‘द मॅनेजिंग कमिटी हॅज, बाय मेजॉरिटी, रिझॉल्व्ड टू रिप्लेस द लिफ्ट.’ त्याखाली काकांचं विरोधी मत, त्यांच्याच शब्दांत, चार ओळी. त्याखाली मी माझ्या बुद्धीनं एक वाक्य जोडलं: ‘अ मेजॉरिटी ऑफ द मेंबर्स वॉज इन फेवर ऑफ द प्रपोजल.’

आज सकाळी काकांकडून मसुदा परत आला. पूर्ण नावाची सही, तारीख, सगळं. ‘हॅज’ला हात लावलेला नाही. पण शेवटच्या वाक्यातल्या ‘वॉज’वर पेन्सिलीची काट, आणि वर ‘वेअर’.

लालपेनताई, कॉम्प्युटर या खेपेला गप्प आहे. आता काय करू?

---

लालपेन

‘वेअर’. काका बरोबर आहेत.